जोर हवा तर पाय उचल

बकेट मातीच्या ढिगाऱ्यात अर्धं घुसलं आणि ट्रॅक्टर अडला. मी पाय आणखी दाबला. इंजिनाचा आवाज खाली बसला, सीटखालून कुठूनतरी किंचाळल्यासारखा बारीक आवाज यायला लागला, पण चाकं जागची हलेनात. मग मी पेडल पार तळाला टेकवलं आणि इंजिन बंदच पडलं.

कुंपणाशी उभे असलेले शेजारचे आजोबा मोठ्यानं म्हणाले, "कमी दाब! जोर हवा असेल तर पाय उचल!"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. वीस वर्षं गाडी चालवतेय. चढाला गाडी दमली की पाय दाबायचा, एवढं पायाला इतकं पाठ झालंय की त्यासाठी विचार करावा लागत नाही. आणि हे ऐंशीच्या घरातले, उभा जन्म शेतीत काढलेले गृहस्थ मला त्याच्या बरोबर उलटं सांगत होते. मी ट्रॅक्टर पुन्हा चालू केला, हातानं थ्रॉटल वाढवला आणि पेडलवर पाय नुसता ठेवल्यासारखा ठेवला. ट्रॅक्टर मुंगीच्या चालीनं पुढं सरकला, बकेट ढिगाऱ्यात रुतत रुतत भरलं. मी त्या पेडलकडे बघत बसले. हे काय झालं, ते मला कळायला पुढं तीन आठवडे लागले.

आमचं घर न्यूयॉर्क राज्यात, फिंगर लेक्स भागात आहे. हिमयुगातल्या बर्फानं खरवडून काढलेली अकरा लांबट सरोवरं इथं हाताच्या बोटांसारखी शेजारीशेजारी पसरली आहेत. त्यातल्या सेनेका सरोवराच्या उतारावर आम्ही सहा एकरांसकट एक जुनं घर घेतलं. मी इथल्या एका रुग्णालयात नर्स आहे आणि माझे यजमान शाळेत गणित शिकवतात. जागा बघायला आलो तेव्हा उतारावर खाली पाण्यापर्यंत द्राक्षांच्या ओळी दिसल्या आणि मी तिथंच हो म्हणून टाकलं. मी निफाड तालुक्यातली. महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की आमच्या गावाचं नाव येतं, आणि पारा फारच उतरला की बागेत शेकोट्या पेटतात. इथं हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंतही जातो, तरी द्राक्ष जगतं. सरोवर १८० मीटरहून खोल आहे, त्यामुळं ते सहसा गोठत नाही आणि काठाला ऊब देत राहतं. १९६२ मध्ये कॉन्स्टँटिन फ्रँक यांनी शेजारच्या क्यूका सरोवराकाठी युरोपातल्या द्राक्षजातींची वायनरी उभी केली, तोवर ह्या थंडीत त्या जाती टिकतील असं फार थोड्यांना वाटत होतं.

आमच्या सहा एकरांत मात्र द्राक्षं नव्हती. चार एकर गवत, थोडं रान, आणि रस्त्यापासून घरापर्यंत पाऊण फर्लांगाची खडीची वाट. पहिल्याच पावसाळी वसंतात त्या वाटेला ओघळ पडले. गवत कमरेला लागलं. हिवाळ्यात वाटेवरचा बर्फ आम्ही दोघांनी फावड्यानं काढला आणि यजमानांची पाठ धरली. त्याच आठवड्यात ठरलं, लहान ट्रॅक्टर घ्यायचा आणि तो मी चालवायचा.

मी हट्टानं 'मी' म्हटलं, त्याला कारण आहे. माझ्या वडिलांनी, नानांनी, पहिला ट्रॅक्टर घेतला तेव्हा मी सातवीत होते. नारळ मी फोडला, हळदकुंकू मी लावलं. चालवायला शिकला तो धाकटा भाऊ. मला कोणी नको म्हटलं नाही. बस म्हणूनही कोणी म्हटलं नाही. मी मडगार्डवर बसून शाळेत गेले, पण स्टिअरिंगला कधी हात लागला नाही.

विक्रेत्याच्या आवारात गेलो तर त्यानं पहिलाच प्रश्न केला, "गिअरचा की हायड्रोचा?" मला प्रश्नच कळला नाही. त्यानं शेजारीशेजारी उभे असलेले दोन ट्रॅक्टर दाखवले. रंग एक, इंजिन एक, टायर एक. एकाला क्लच आणि गिअरचे दांडे. दुसऱ्याला उजव्या पायाखाली लांबट, मध्यावर टेकलेलं, तराजूच्या दांडीसारखं डुलणारं पेडल. चवडा दाबला की पुढं, टाच दाबली की मागं, पाय उचलला की थांबतो. किमतीत हजार डॉलरहून थोडा जास्त फरक. "निवांत विचार करा," तो म्हणाला. मी माहितीपत्रकं घेऊन घरी आले आणि रात्री भावाला फोन लावला.

"ताई, गिअरचाच घे," तो म्हणाला. "ऑटोमॅटिक कुठं ट्रॅक्टर असतो व्हय? आन् बिघडला तर?"

ऑटोमॅटिक हा शब्द मलाही तेव्हा बरोबर वाटला होता. तो बरोबर नाही. ऑटोमॅटिक गाडीत गिअर असतातच, ते बदलायचं काम गाडी करते. ह्या हायड्रोमध्ये, म्हणजे हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनमध्ये, इंजिनाचा जोर तेलातून जातो. इंजिन एक पंप फिरवतं. पंपात गोल मांडलेले बारीक दट्टे असतात आणि त्यांच्या टोकाला एक तबकडी टेकलेली असते. तबकडी सरळ असली तर दट्टे फिरतात पण आतबाहेर होत नाहीत. तेल हलत नाही, ट्रॅक्टर उभा. पेडल दाबलं की तबकडी कलते, दट्टे आतबाहेर व्हायला लागतात, तेल जोरानं नळीतून पुढच्या मोटरकडे जातं आणि मोटर चाकं फिरवते. तबकडी दुसऱ्या बाजूला कलली की तेल उलटं वाहतं आणि ट्रॅक्टर मागं येतो. एवढं मी पुस्तिकेतल्या चित्रावरून समजून घेतलं. पुढं हाय, मीडियम, लो अशा तीन टप्प्यांचा एक साधा गिअरबॉक्सही असतो. तोच मला नंतर फार महागात पडणार होता.

माहितीपत्रकांतले आकडे बघताना मी दुसऱ्यांदा गोंधळले. कुबोटाचा एल-२५०१ घ्या. इथल्या खेड्यांत तो जागोजागी दिसतो. इंजिन २४.८ अश्वशक्तीचं, दोन्ही प्रकारांत तेच. पण मागच्या पीटीओवर, म्हणजे यंत्र फिरवणाऱ्या दांड्यावर, गिअरच्या ट्रॅक्टरला २०.५ अश्वशक्ती मिळते आणि हायड्रोला १९. दीड अश्वशक्ती गेली कुठं? ती तेलात गेली. दाताला दात लागून फिरणारा गिअर फार थोडं वाया घालवतो. तेल नळ्यांतून ढकलायचं, फटींतून थोडं झिरपायचं, घासायचं, ह्या सगळ्याची उष्णता होते. चढावर जड काम करताना तर हा तोटा आणखी वाढतो. (२५ च्या आतच इतके ट्रॅक्टर का, हाही मला प्रश्न पडला होता. अमेरिकेत त्यापुढच्या डिझेल इंजिनांना धुराचे नियम बरेच कडक होतात आणि बहुतेकांना काजळी पकडणारा फिल्टर बसवावा लागतो. म्हणून सगळे काठावर येऊन थांबतात.)

शेजारच्या आजोबांकडे फोर्डचा ८एन आहे, १९४७ ते १९५२ दरम्यान निघालेल्या पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टरांपैकी एक. करडा पत्रा, लाल पोट. तो अजून चालतो. त्यांनी मला त्यावर बसवलं, स्वतः शेजारी चालत राहिले आणि क्लच सोडायला शिकवलं. चार गिअर. एक निवडायचा, ट्रॅक्टर थांबलेला असताना टाकायचा, डावा पाय हळू वर. मला ते आवडलं. पाऊल वर येता येता एका ठिकाणी ट्रॅक्टरच्या अंगात जीव येतो, तो तळपायाला कळतो. मग तो ठरल्या वेगानं चालतो आणि तुम्ही मागं वळून काम बघू शकता.

मग त्यांनी मला दुसरी गोष्ट दाखवली. मागं गवत कापायचं जड पात्यांचं रोटरी कटर लावलेलं होतं. ते म्हणाले, "ह्या ट्रॅक्टरात चाकांना आणि पीटीओला एकच क्लच आहे. तू क्लच दाबलास की इंजिन सुटतं, पण ती पाती गरगर फिरतच असतात. ती मग उलट दिशेनं, पीटीओमधून, चाकांना ढकलतात. क्लच पार दाबलेला असतो आणि ट्रॅक्टर तळ्याकडे चालत राहतो." म्हणून त्यांनी पीटीओवर सायकलच्या फ्रीव्हीलसारखा, एकाच बाजूनं जोर जाऊ देणारा तुकडा बसवला होता. आजच्या ट्रॅक्टरांत दोन टप्प्यांचा क्लच किंवा पीटीओला वेगळा क्लच असतो, तिथं हा धोका राहत नाही. पण क्लच दाबला म्हणजे ट्रॅक्टर थांबला, हे मी त्या दिवसापासून गृहीत धरत नाही.

ट्रॅक्टरच्या कारखान्याचा शब्द आणि शेतातलं काम ह्यांत अंतर पडतं म्हणून १९१९ मध्ये नेब्रास्का राज्यानं कायदाच केला होता, की ट्रॅक्टर विकण्याआधी त्याची चाचणी झाली पाहिजे. लिंकन शहरात १९२० पासून त्या चाचण्या सुरू झाल्या. मला चाचणी घ्यायची होती ती माझ्या वाटेवर. म्हणून एका शनिवारी मी लोडर लावलेला गिअरचा लहान ट्रॅक्टर भाड्यानं आणला. ट्रकनं टाकलेला खडीचा ढीग वाटभर पसरायचा होता.

लोडरचं काम म्हणजे दिशा बदलण्याचं काम. ढिगात घुसा, मागं या, वळून पुढं जा, रिकामं करा, मागं या, पुन्हा ढिगाकडे. एका बकेटला किमान चारदा क्लच आणि चारदा दांडा. माझी त्या दिवशी चाळीस बकेटं झाली. एकशे साठ वेळा डावा पाय तळापर्यंत. ट्रॅक्टरचं क्लचपेडल गाडीच्या क्लचसारखं मऊ नसतं. संध्याकाळी जिन्यावर चढताना माझा डावा गुडघा वाकेना.

मी पायरीवरच बसले आणि नानांच्या गुडघ्याचा विचार करत राहिले. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की द्राक्षावर डाऊनीचा रोग येतो. मग दिवस नाही, रात्र नाही, फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत. प्रत्येक ओळीच्या टोकाला क्लच, वळण, गिअर, परत क्लच. चिखलात चाक फसलं की पुढं-मागं, पुढं-मागं. असं त्यांनी कित्येक हंगाम केलं. आता ते जमिनीवर मांडी घालून बसू शकत नाहीत, पंगतीलाही खुर्ची लागते. गावात सगळे म्हणतात, वयच झालं. मी वीस वर्षं रुग्णांचे सांधे बघतेय आणि डावाच गुडघा का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो एका शनिवारात पडला. सगळं क्लचमुळंच झालं असं मी म्हणणार नाही, पण त्याचा वाटा नाही असंही कोणी मला आता पटवू शकणार नाही.

सोमवारी मी हायड्रो सांगून टाकला.

आणि मग तो ढिगारा, बंद पडलेलं इंजिन आणि "पाय उचल."

उत्तर मला ट्रॅक्टरवर मिळालं नाही, ते वॉर्डात मिळालं. एका रुग्णाच्या दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली बारीक नळी साफ करायची होती. नव्यानं रुजू झालेली मुलगी तीन मिलिलिटरची सिरिंज घेऊन आली. मी तिला थांबवलं आणि दरवेळी सांगते तेच सांगितलं, "दहाची घे. लहान सिरिंजमध्ये अंगठ्याचा जोर तोच असला तरी दाब जास्त होतो, नळी फुटू शकते." बोलता बोलता माझंच वाक्य माझ्या कानांत अडकलं. अंगठा तोच. सिरिंज लहान. तेल थोडं, दाब जास्त.

पेडल पार दाबलं की तबकडी पुरती कलते, दट्टे लांबवर आतबाहेर करतात. म्हणजे पंप ही मोठी सिरिंज होते. दर फेरीला खूप तेल, म्हणून वेग. पण इंजिनाचा अंगठा तेवढाच, त्यामुळं दाब कमी पडतो आणि अडथळा आला की इंजिनच दबतं. पाय उचलला की तबकडी जराशीच कललेली राहते. सिरिंज लहान झाली. तेल थोडं जातं, वेग मुंगीचा, पण त्याच इंजिनातून दाब कितीतरी जास्त मिळतो आणि तोच चाकांवर जोर होऊन येतो. दाब मर्यादेबाहेर गेला तर सुरक्षेची झडप उघडते आणि तेल वाट काढतं.

म्हणजे माझ्या उजव्या पायाखालचं पेडल ॲक्सिलरेटर नव्हतंच. तो गिअर होता. पाय उचलणं म्हणजे खालचा गिअर टाकणं, पाय दाबणं म्हणजे वरचा. ॲक्सिलरेटर हाताशी होता, थ्रॉटलच्या दांड्यात, आणि तो काम सुरू करतानाच वर नेऊन तिथं ठेवायचा होता. गाडीनं वीस वर्षं शिकवलेल्या पायाला हे समजावणं सोपं गेलं नाही. पुढचा महिनाभर मी प्रत्येक बकेट भरताना मनात 'लहान सिरिंज' म्हणत होते. माझ्यासारख्या नवशिक्याला विक्रेत्यानं, पुस्तिकेनं, कोणीतरी पहिल्या दिवशी हे एवढंच सांगायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं. हायड्रोला जोर नाही म्हणणाऱ्या किती जणांनी पाय कधी उचलूनच पाहिला नसेल.

एवढं कळल्यावर मला जरा जास्तच कळलं असं वाटायला लागलं, आणि उतारावरचा प्रकार त्याच आठवड्यात झाला.

वाटेचा शेवटचा भाग सरोवराच्या बाजूला चांगलाच उतरतो. बकेटभर खडी पुढं घेऊन मी खाली येत होते. ट्रॅक्टर मीडियममध्ये होता. वेग जास्त वाटला म्हणून मी पेडलवरून पाय उचलला आणि तो उतारावर थांबला, कारण पंपाला आणि मोटरला जोडणाऱ्या नळ्यांतलं तेल अडलं की चाकंही अडतात. इतपत ठीक होतं. आता लो टाकू, असा मी विचार केला आणि टप्प्यांचा दांडा ओढला. मीडियममधून तो निघाला, लोमध्ये बसायच्या आधी मधल्या मोकळ्या जागेत आला, आणि ट्रॅक्टर सुटला. ज्या तेलानं चाकं धरून ठेवली होती, त्याच्याशी चाकांचा संबंधच मी तोडला होता. मी ब्रेक दाबले. मागची चाकं थांबली, पण ट्रॅक्टर थांबला नाही. ती न फिरताच खडीवरून घसरत राहिली.

मला काय सुचलं ते आजही नीट सांगता येत नाही. उजवा हात लोडरच्या दांड्यावर होता, तो मी पुढं ढकलला. बकेट आधीच जमिनीपासून हातभरच वर होतं, ते खाली आदळलं, खडीत रुतलं आणि आम्ही थांबलो. इंजिन चालू होतं. कमरेला पट्टा होता, डोक्यामागं उलटण्यापासून वाचवणारी लोखंडी कमान उभी होती, आणि माझे हात थरथरत होते. खाली, ज्या बाजूला मी चालले होते, तिथं शेजाऱ्यांच्या द्राक्षाच्या ओळीचा शेवटचा खांब होता.

आजोबा आले. रागावले नाहीत. त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि मागचं टायर बोटानं दाखवलं. "तुझं सगळं वजन पुढं, बकेटात. मागं काही लावलेलं नाही. म्हणजे मागची चाकं हलकी. आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. हलकं चाक थांबवून काय उपयोग?" मग त्यांनी सीटशेजारचा फोर-व्हील-ड्राइव्हचा दांडा दाखवला. मी तो चिखलासाठी राखून ठेवला होता. तो लावला की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जोडली जातात. मग मागच्या ब्रेकची पकड त्या जोडणीतून पुढच्या, वजनाखाली दबलेल्या चाकांपर्यंत जाते. "चढताना विसरलीस तरी चालेल," ते म्हणाले. "उतरताना विसरायचं नाही."

आता मी उतारावर येण्याआधी, सपाटीवर, थांबून, लो टाकते. फोर-व्हील लावते. मागं वजन म्हणून जड फाळांची पेटी जोडलेली असते. बकेट गुडघ्याच्या खाली. आणि उतरताना टप्प्यांच्या दांड्याला हात लावत नाही. गिअरच्या ट्रॅक्टरवर हीच चूक क्लच दाबून होते: उतारावर क्लच दाबला की इंजिनाचा अडसर जातो आणि ट्रॅक्टर सुटतो. म्हणजे ह्या बाबतीत दोघे सारखेच, फक्त चूक करणारा अवयव वेगळा. हे लिहितेय ते मुख्यत्वे ह्या परिच्छेदासाठी. बाकी सगळं कोणालाही काम करता करता कळेल. हे कळेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही.

हिवाळा आला तेव्हा हायड्रोचं आणखी एक अंग दिसलं. शून्याखालच्या सकाळी तेल मधासारखं दाट होतं. चालू करून दहा मिनिटं तसाच सोडला नाही तर पेडल जड लागतं आणि पंप कण्हतो. पहिल्या ५० तासांनी तेलाचा फिल्टर बदलायचा असतो, तो मी स्वतः बदलला. पंपातल्या भागांमधल्या फटी केसापेक्षा कितीतरी बारीक असतात, वाळूचा एक कण आत गेला तर तो सगळ्यांना ओरबाडत फिरतो. म्हणून फिल्टर काढण्याआधी मी आजूबाजूचा पत्रा पुसून घेतला, हात धुतले, नवा फिल्टर शेवटच्या क्षणी पाकिटातून काढला. यजमान बघत होते. म्हणाले, "ड्रेसिंग बदलतेयस का?" बर्फ काढायला मात्र ह्याच्यासारखा ट्रॅक्टर नाही. पुढं, मागं, पुढं, मागं, आणि डावा पाय नुसता फळीवर टेकलेला.

भावाला मी हे सगळं सांगितलं. तो सिरिंजपर्यंत लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "पण ताई, ब्लोअर मारताना चाल एकसारखी पाहिजे. तुझा पाय हलला की चाल हलली. एका ओळीला औषध जास्त, एकीला कमी."

तो बरोबर बोलत होता. फवारणीत एकरी किती औषध पडतं ते चालीवर ठरतं. गिअरचा ट्रॅक्टर एका गिअरात, एका आरपीएमला, ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच चालीनं जातो. हायड्रोमध्ये त्यासाठी पेडल एका जागी धरून ठेवणारी सोय वेगळी घ्यावी लागते. नांगरट, रोटा, तासन्‌तास एकाच दिशेनं ओढायचं काम, तिथं तेलात जोर घालवणं म्हणजे डिझेल घालवणं. आणि क्लचप्लेट गेली तर पिंपळगावचा मेकॅनिक ट्रॅक्टर मधून फोडतो, प्लेट टाकतो, दुसऱ्या दिवशी बागेत पाठवतो. हायड्रोचा पंप गेला तर तो काय करणार? भावाच्या नऊ फुटी ओळींत गिअरचाच ट्रॅक्टर हवा, हे मी मान्य केलं. माझ्या खडीच्या वाटेवर हायड्रोच हवा, हे त्यानंही मान्य केलं. माणसांनी एकमेकांच्या कामाबद्दल विचारलं असतं तर ह्यावरून निम्मी भांडणं झालीच नसती. गंमत वाटली ती इतिहासाची: १८९२ मध्ये आयोवात जॉन फ्रॉलिकनं पेट्रोलवर पुढं आणि मागं दोन्हीकडे चालणारा ट्रॅक्टर उभा केला. इंटरनॅशनल हार्वेस्टरनं १९६७ मध्ये ६५६ हा हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर शेतकऱ्याला विकायला काढला. मधली पंचाहत्तर वर्षं पुढं-मागं होण्याचा बराचसा भार क्लचवर होता.

गेल्या डिसेंबरात निफाडला गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेलो, दहिवर अजून पानांवर होतं. नाना बांधावर खुर्ची टाकून बसले होते. भावानं लहान ट्रॅक्टर ओळीच्या तोंडाशी आणून उभा केला, मागं ब्लोअर रिकामा, आणि खाली उतरला.

"बस," तो म्हणाला.

मी बसले. क्लच, दुसरा गिअर, हातानं थ्रॉटल थोडा वर, डावा पाय हळू. ८एनवर शिकलेलं सगळं आठवत होतं. ट्रॅक्टर ओळीत शिरला. दोन्ही बाजूंनी वेली अंगाशी आल्या, घड मण्यांवर आलेले. मी सरळ नेला. ओळीच्या टोकाचा लोखंडी खांब, म्हणजे अँगल, जवळ आला, वळायच्या आधी थांबायचं म्हणून मी उजवा पाय उचलला.

ट्रॅक्टर चालतच राहिला. मी पाय आणखी वर घेतला. तो चालतच राहिला.

"ताई, क्लच!"

डावा पाय खाली गेला, उजवा ब्रेकवर. अँगल आणि रेडिएटरची जाळी ह्यांत वीतभर अंतर उरलं होतं. वर्षभरात माझा पाय पुन्हा एकदा बदलून गेला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

नाना काठी टेकत आले. अँगल बघितला, ट्रॅक्टर बघितला.

"तिकडच्याला पाय उचलला की थांबतो?"

"हो, नाना."

"डाव्या पायाला काहीच नाही?"

"चालवताना काहीच नाही."

त्यांनी मान हलवली. एक हात मडगार्डवर टेकवला आणि दुसऱ्यानं नेहमीसारखा डावा गुडघा चोळला.

"रिव्हर्स टाक, बाई," ते म्हणाले. "मागं घे, न् परत आण. ह्या वेळंला अँगलच्या दोन हात आधी क्लच."